हीथ्रो ते स्खिपोल : अंतर एक, वेळा अनेक

लंडनचा हीथ्रो आणि ॲमस्टरडॅमचा स्खिपोल या दोन विमानतळांमधले सरळ रेषेतले अंतर सुमारे ३७० किलोमीटर. या आकड्याबद्दल कोणाचे दुमत नाही. ते कापायला वेळ किती लागतो, हे मात्र ज्याला विचारावे त्यावर ठरते.

प्रवासी जेट विमानाचा उंचावरचा वेग ताशी सुमारे ८०० किलोमीटर. त्या हिशेबाने अर्ध्या तासाच्या आत काम व्हावे. पण मार्ग इतका आखूड, की विमान पुरते वर पोहोचते न पोहोचते तोच उतरण्याची तयारी सुरू होते. त्यामुळे चाकांनी जमीन सोडल्यापासून ती पुन्हा टेकेपर्यंत साधारण पाऊण तास जातो. तेवढ्यातच खानपान उरकायचे असते. प्रवासी सँडविचच्या वेष्टनाचे टोक शोधत असतो, आणि तेच वेष्टन परत न्यायला कर्मचारी पिशवी उघडून शेजारी उभा असतो.

वेळापत्रकात हाच प्रवास सव्वा तासाचा, कधी त्याहूनही थोडा जास्त दिसतो. तिथे मोजणी विमान जागेवरून हलल्यापासून दुसरीकडे जागेवर थांबेपर्यंत चालते, शिवाय रांगेत खोळंबा होणार हे गृहीत धरून चार मिनिटे पदरची घातलेली असतात. इतके करूनही उशीर झालाच, तर १५ मिनिटांपर्यंतचा उशीर ‘वेळेवर’ या सदरातच मोडतो.

घड्याळाचे म्हणणे तिसरेच. नेदरलँड्स ब्रिटनच्या एक तास पुढे आहे. प्रवास ८० मिनिटांचा धरला, तर सकाळी ८ वाजता हीथ्रो सोडणारे विमान १० वाजून २० मिनिटांनी पोहोचते, आणि ८ वाजता स्खिपोल सोडणारे ८ वाजून २० मिनिटांनी.

स्खिपोल हा १८५२ मध्ये उपसून कोरड्या केलेल्या तलावाच्या तळावर, समुद्रसपाटीच्या सुमारे तीन मीटर खाली आहे. इथे विमान टेकले तरी हत्ती गेला आणि शेपूट राहिले अशी गत होऊ शकते. २००३ मध्ये सुरू झालेली पोल्डरबान ही धावपट्टी टर्मिनलपासून कित्येक किलोमीटर दूर आहे. तिच्यावर उतरलेले विमान पुढची दहा-पंधरा मिनिटे जमिनीवरूनच चालते, वाटेत पुलावरून महामार्गही ओलांडते. खालच्या मोटारी त्याच्या पुढे निघून जातात.

परतीच्या वाटेवर हीथ्रोची गर्दी आडवी येते. तिथे उतरण्याआधी विमानांना घिरट्या घालत ठेवण्याच्या चार जागा ठरलेल्या आहेत : बोव्हिंग्डन, लॅम्बोर्न, ऑकम आणि बिगिन. एकावर एक, हजार-हजार फुटांच्या अंतराने विमाने फिरत राहतात. खालचा मजला रिकामा झाला की वरचे बिऱ्हाड एक मजला खाली येते. या घिरट्यांचे किलोमीटर ३७० मध्ये धरलेले नाहीत.

विमान नेमके पोहोचले कधी म्हणायचे, हा प्रश्न अखेर कोर्टाची पायरी चढला. साल्झबुर्गहून कोलोन-बॉनला निघालेल्या एका विमानाची चाके टेकली तेव्हा उशीर २ तास ५८ मिनिटे झाला होता, आणि जागेवर थांबले तेव्हा ३ तास ३ मिनिटे. भरपाईची मर्यादा तीन तासांची. २०१४ मध्ये युरोपीय न्यायालयाने निकाल दिला : विमानाचे निदान एक दार उघडले आणि प्रवाशांना उतरता आले, की पोहोचण्याची वेळ झाली. त्यानंतर पासपोर्ट तपासणीच्या रांगेत जाणारा वेळ यांपैकी कोणाच्याच हिशेबात येत नाही.