सर्वस्वी जबाबदार

पूर्वी पत्राच्या शेवटी ‘कळावे, लोभ असावा’ लिहायची पद्धत होती. पत्रं गेली, लोभही गेला. शेवटच्या ओळीची हौस मात्र सरकारी परिपत्रकांनी टिकवून धरली आहे. शिक्षण खात्याचं कुठलंही परिपत्रक काढा. विषय तांदळाचा असो, झाडाचा असो की राष्ट्रगीताचा, शेवटी एक ओळ हटकून सापडते: विलंब झाल्यास त्याची सर्वस्वी जबाबदारी संबंधित मुख्याध्यापकांची राहील. ही ओळ पहिल्यांदा कोणी लिहिली याचा शोध अजून लागलेला नाही. कुणी तो घ्यायचं ठरवलं, तर माहिती मुख्याध्यापकांकडूनच मागवली जाईल, विहित नमुन्यात, दुपारी तीनपर्यंत.

हा ‘संबंधित’ मनुष्य दिसतो कसा, ते पाहायचा योग मला गेल्या महिन्यात आला. माझ्या दोन ओळखपत्रांवर माझ्या दोन जन्मतारखा आहेत. आईच्या सांगण्यानुसार मी पोळ्याच्या आदल्या दिवशीचा. शाळेच्या दप्तरी मात्र १ जूनचा. आमच्या पिढीतलं निम्मं गाव १ जूनलाच जन्मलं आहे. पोराला शाळेत नेलं की मोठे गुरुजी त्याचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला पोचतो का ते बघायचे आणि पोचला की टाक बुडवून १ जून लिहून टाकायचे. जन्म आणि मरण या दोन गोष्टींपैकी एक त्या काळी मुख्याध्यापकाच्या हातात होती. तर तो घोळ निस्तरायला जनरल रजिस्टरचा उतारा लागणार, म्हणून मी गावच्या शाळेत गेलो.

शाळा जिल्हा परिषदेची. पहिली ते चौथी, पट ५८, शिक्षक दोन. बाईंकडे पहिली-दुसरी, गुरुजींकडे तिसरी-चौथी. कार्यालय म्हणजे तिसरी-चौथीच्या वर्गातलं मागचं कपाट. गुरुजी खिडकीत मोबाइल उंच धरून उभे होते, कारण गावात जी काय रेंज येते ती त्या खिडकीच्या दुसऱ्या गजापाशी येते.

“मुख्याध्यापक कुठे भेटतील?” मी विचारलं.

“मुख्याध्यापक नाहीत.”

“रजेवर?”

“नाही हो. पदच नाही.”

“मग कारभार कोण बघतं?”

“मुख्याध्यापक,” ते म्हणाले आणि कपाटातून शिक्का काढून दाखवला.

मला वाटलं, माणूस चेष्टा करतोय. पण शिक्षकाची नोकरी करून चेष्टा करायला उसंत कुठली? शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याच्या अनुसूचीत लिहिलं आहे की प्राथमिक शाळेत दीडशेहून जास्त मुलं असतील तर मुख्याध्यापक द्यावा. म्हणजे ५८ मुलांच्या शाळेला मुख्याध्यापकाची गरज नाही, असं कायद्याचं मत. परिपत्रकांचं मत वेगळं आहे. त्यांना प्रत्येक शाळेत कुणीतरी सर्वस्वी जबाबदार लागतोच. मग दोघांतला जो ज्येष्ठ, त्याच्याकडे ‘प्रभार’ येतो. पगार शिक्षकाचा, वर्ग दोन, वर हा शिक्का. देव्हाऱ्यात देव नाही, पण घंटा रोज वाजवायची आणि प्रसादाचा हिशेब ठेवायचा.

आमच्या वेळचे मोठे गुरुजी नुसतं शिकवायचे, असं भाबडेपणाने म्हणणाऱ्यांतला मी नाही. त्यांच्याकडे गावचं पोस्टही होतं. पाढे म्हणून घेता घेता ते तिकिटं विकायचे आणि अर्ध्या गावाची मनिऑर्डर वाचून दाखवायचे. पण टपाल दिवसातून एकदाच यायचं. गुरुजींच्या मोबाइलवर ते मी बसल्या बसल्या सतरा वेळा आलं. केंद्राचा गट वेगळा, तालुक्याचा वेगळा, पोषण आहाराचा वेगळा, आणि एका गटाचं नाव ‘फक्त माहिती’ असं होतं, म्हणजे बाकीच्या गटांवर काय येत असेल त्याची कल्पना करा. संदेशांच्याही जाती असतात. ‘तात्काळ’ म्हणजे उद्या चालेल. ‘अति तात्काळ’ म्हणजे आज. ‘आजच्या आज, व्यक्तिशः लक्ष देऊन’ म्हणजे ज्या साहेबांनी मागितलं त्यांना ते काल द्यायचं होतं.

यातला सगळ्यांत सुंदर प्रकार ‘निरंक’. एखादी गोष्ट शाळेत नसेल तर ती नाही, एवढ्यावर सामान्य माणूस थांबतो. मुख्याध्यापकाला थांबता येत नाही. जे नाही, ते किती नाही आणि कधीपासून नाही, हे तक्ता भरून कळवावं लागतं. शाळेत संगणक कक्ष नाही: निरंक. त्यातले चालू संगणक: निरंक. नादुरुस्त: निरंक. नादुरुस्त असल्यास दुरुस्तीसाठी केलेला पाठपुरावा: निरंक. हा शेवटचा निरंक लिहिताना गुरुजी जरा थबकले. मागच्या खेपेला ‘पाठपुरावा निरंक’ लिहिल्याबद्दल त्यांच्याकडून खुलासा मागवला होता.

साडेअकराच्या सुमारास मावशींनी स्वयंपाकघरातून हाक मारली. गुरुजी उठले. त्या दिवशी मी पाहिलेला गणिताचा सगळ्यांत अस्सल तास हाच. हजेरी ५३. मुलामागे तांदूळ १०० ग्रॅम, म्हणजे ५ किलो ३०० ग्रॅम. डाळ २० ग्रॅमने १ किलो ६० ग्रॅम. तेल ५ ग्रॅमने २६५ ग्रॅम. हे तोंडी करून काट्यावर तोललं, नोंदवहीत चढवलं, मोबाइलवर भरलं. मग पोती मोजली, कारण तांदूळ मुलांनी खाल्ला तरी पोतं सरकारचं असतं. रिकाम्या पोत्यांचाही हिशेब द्यावा लागतो. हे सगळं ज्या मावशी शिजवतात त्यांना महिन्याला २,५०० रुपये मिळतात. त्या आकड्यावर विनोद सुचला नाही.

फळ्यावर आठवड्याचा आहार लिहिला होता. बुधवारपुढे ‘अंडा पुलाव’ आणि त्यापुढे कंसात ‘लोकसहभाग’. अंड्याची गोष्ट अशी. २०२३ च्या नोव्हेंबरात सरकारने ठरवलं की मुलांना आठवड्याला एक अंडं द्यायचं. चांगलंच ठरवलं. जानेवारी २०२५ मध्ये ठरवलं की अंडं ऐच्छिक, शाळेला द्यायचं तर जरूर द्यावं, फक्त सरकार पैसे देणार नाही. ते लोकसहभागातून उभे करावेत. लोकसहभाग म्हणजे काय? तर मुख्याध्यापकाने संध्याकाळी पारावर बसायचं, कुणाच्या घरी वाढदिवस आहे का ते विचारायचं आणि बोलता बोलता विषय कोंबडीवर न्यायचा.

जेवण मुलांना वाढण्याआधी मोठ्या माणसाने चाखायचं आणि चव नोंदवहीत सही करायची, असा नियम आहे. तो योग्यच आहे, त्यावर मी हसणार नाही. गुरुजींना तेवढ्यात फोन आला म्हणून चमचा माझ्या हातात आला. खिचडी बरी होती, मी तसं लिहू लागलो.

“‘बरी’ नको,” गुरुजी फोनवर हात ठेवून म्हणाले. “‘चांगली’ लिहा. ‘बरी’ लिहिलं की खुलासा.”

“आणि ‘उत्तम’ लिहिलं तर?”

“तर पाहणीला येतात.”

इकडे तिसरी-चौथीच्या वर्गात चौथीतली एक चुणचुणीत मुलगी फळ्यापाशी उभी राहून भागाकार शिकवत होती. शिकवत होती फार छान. तिला कुणी अजून ‘अति तात्काळ’ काही मागितलेलं नाही, त्याचाच हा परिणाम.

कायद्यात या सगळ्यावर औषध आहे बरं का. त्याच शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ म्हणतं की शिक्षकाला अशैक्षणिक काम द्यायचं नाही. अपवाद फक्त तीन: दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका. निवडणुका म्हणजे पंचायतीपासून लोकसभेपर्यंतच्या सगळ्या. महाराष्ट्रात कुठली ना कुठली निवडणूक येत्या सहा महिन्यांत नाही, असा काळ मला तरी आठवत नाही. जनगणना दर दहा वर्षांनी यायची ती २०२१ मध्ये आलीच नाही, आता २०२७ ची लागली आहे. उरली आपत्ती. ती कोणती, हे ठरवायला गुरुजींना वेळ मिळालेला नाही. पुढे २०२४ मध्ये शासनाने आणखी एक निर्णय काढून शिक्षकांची कामं शैक्षणिक कोणती आणि अशैक्षणिक कोणती याची वर्गवारीच करून टाकली. वाचून गुरुजींना बरं वाटलं. दोन दिवसांनी त्यांच्याकडे माहिती मागितली गेली की आपल्या शाळेत कोणकोणती अशैक्षणिक कामं करावी लागतात, त्याचा तक्ता सादर करावा. हा तक्ता भरणं कोणत्या वर्गात मोडतं, ते त्या निर्णयात मला सापडलं नाही.

योजना येतात, जातात. खिडकीच्या गजापाशी गुरुजी तेच. २०१६ मध्ये निघालं की दर सोमवारी दहा-दहा मुलांचे गट करून शिक्षकांनी त्यांच्यासोबत सेल्फी काढायचा आणि संकेतस्थळावर टाकायचा, म्हणजे शाळाबाह्य मुलं सापडतील. जे मूल शाळेतच येत नाही ते फोटोत कसं सापडणार, हा प्रश्न तेव्हा गावातल्या शेळ्यांनाही पडला होता. ते बारगळलं. २०२४ मध्ये सगळ्या राज्याला एकच गणवेश, एकाच ठिकाणाहून. तो उशिरा आला आणि आला तेव्हा पहिलीतल्या पोराला चौथीचा आणि चौथीतल्याला पहिलीचा. वर्ष संपायच्या आत खरेदी पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे आली. या समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, निम्म्या महिला असतात आणि सचिव असतो, ओळखा कोण.

जाता जाता कपाटावर एक पुस्तक दिसलं: टीईटी मार्गदर्शक. “मुलगा करतोय का तयारी?” “मी,” गुरुजी म्हणाले. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये निकाल दिला की ज्यांची पाच वर्षांहून जास्त नोकरी उरली आहे त्यांनी दोन वर्षांत पात्रता परीक्षा पास व्हावं. गुरुजींची सहा वर्षं उरली आहेत. बावन्नाव्या वर्षी ते खिडकीत उभं राहून बालमानसशास्त्र पाठ करतात.

आता एवढं वाचून वाचकांना गुरुजी म्हणजे संत वाटायला लागले असतील. तसं काही नाही. आठवडा गेला तरी चौथीचा धडा पुढे सरकला नाही, याचं त्यांना फारसं वाईट वाटत नव्हतं. ‘कागदात होतो’ हे असं कारण आहे की त्यावर साहेबही काही बोलू शकत नाही, कारण कागद साहेबानेच मागितलेला असतो. कागदाच्या या उबेत निवांत झालेले मुख्याध्यापक मी पाहिले आहेत. त्यांना उद्या नुसतं शिकवायला सांगितलं तर घाम फुटेल. शेरेबुकात मागच्या भेटीचा शेरा होता: मुख्याध्यापकांनी अध्यापनाकडे लक्ष द्यावे. खाली गुरुजींच्या अक्षरात: पूर्तता केली. आणि शाळेच्या खालावलेल्या दर्जावर पारावर तासभर भाषण देणारे गावचे पुढारी? त्यांची नातवंडं सकाळी पिवळ्या गाडीतून तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जातात. माझीही तशीच गेली, म्हणून मी हे जरा हळू आवाजात लिहितोय.

कोपऱ्यात एक खुर्ची होती. पाय तीन. जडवस्तू नोंदवहीत ती आहे, म्हणून टाकून देता येत नाही. निर्लेखनाचा प्रस्ताव वर गेला आहे, चौथ्यांदा. एके काळी याच खोलीत बसून ज्या खुर्चीतल्या माणसाने माझा जन्म पोळ्यावरून उचलून १ जूनला नेऊन ठेवला, त्या खुर्चीचा चौथा पाय गेला हे मान्य करून घ्यायचा अधिकार आज त्याच्या वारसाला नाही.

रजिस्टर सापडलं, माझं नाव सापडलं. पण तेवढ्यात वीज गेली आणि उतारा छापायचा राहिला. अंड्यांसाठी पाचशे रुपये देऊन मी उठलो. त्याची रीतसर पावती मिळाली, देतानाचा फोटोही निघाला.

दोन दिवसांनी पुन्हा गेलो. चारही वर्ग एका खोलीत बाईंसमोर बसले होते. गुरुजी तालुक्याला बैठकीला गेले होते. विषय होता शिक्षकांवरचा अशैक्षणिक कामांचा भार कमी करण्याचा. उतारा लिहून तयार होता. शिक्का गुरुजींच्या पिशवीत होता.