मागच्या सीटवर बसून बघा

‘जीप आहे, दणके बसणारच!’ हे वाक्य मला सहन होत नाही. नवी थार घ्यायची, महिनाभरात तिची उंची वाढवून घ्यायची, त्यावर जाडजूड टायर चढवायचे आणि ताम्हिणी घाटात मागे बसलेल्या आईने कंबर धरली की हे वाक्य तिच्या तोंडावर फेकायचं. तिने ते मुकाट्याने ऐकावं अशी अपेक्षाही असते. पण हे वाक्य साफ खोटं आहे. दणके उंचीमुळे बसत नाहीत. ते चुकीच्या स्प्रिंगमुळे, आखूड शॉकअपमुळे, टम्म फुगवलेल्या टायरमुळे आणि घाईत कसलेल्या बोल्टमुळे बसतात. हे चारही दोष काढता येतात.

कंपनीने दिलेली गाडी आधी नीट बघा. 2020 मध्ये आलेल्या थारला पुढे दोन्ही चाकांचं स्वतंत्र सस्पेन्शन आहे, मागे अखंड ॲक्सल आहे, चारही चाकांवर कॉइल स्प्रिंग आहेत आणि जमिनीपासून 226 मिलिमीटर उंची आहे. कोरड्या दिवसांत लोणावळ्याहून राजमाचीकडे जाणाऱ्या कच्च्या वाटेला एवढी उंची पुरते. तरीही वाढवायची असेल तर वाढवा, हौसेला माझी हरकत नाही. पण गॅरेजवाल्याला ‘किती इंच?’ एवढंच विचारून परत येऊ नका. ‘चाक वर किती जाईल आणि खाली किती उतरेल?’ हेही विचारा. उत्तर देता आलं नाही तर दुसरं गॅरेज शोधा.

कारण गाडीचं सुख चाकाच्या या प्रवासात आहे. उंचवट्यावर चाकाला वर जायला जागा लागते हे सगळ्यांना कळतं. खड्ड्यात खाली उतरायलाही तेवढीच मोकळीक लागते, हे मात्र विसरलं जातं. स्प्रिंगच्या डोक्यावर नुसता ठोकळा बसवून गाडी उचलली आणि शॉकअप जुनेच ठेवले, तर उभ्या गाडीतच शॉकअप जवळजवळ पूर्ण ताणलेला असतो. चाक खड्ड्यात उतरायला जातं, शॉकअपची लांबी संपते आणि ‘ठण्’ असा आवाज थेट पाठीच्या कण्यात येतो. गुडघे ताठ ठेवून जिना उतरणाऱ्याला प्रत्येक पायरीला बसतो, तसाच हा हिसका असतो. 2020 च्या आधीच्या थार सीआरडीईला पुढे टॉर्शन बार, म्हणजे पिळली जाऊन स्प्रिंगचं काम करणारी दांडी होती. तिचे मालक बोल्ट पिळून फुकटात उंची वाढवायचे आणि नंतर ‘स्प्रिंग कडक झाली’ म्हणून कुरकुरायचे. स्प्रिंगचा कडकपणा होता तेवढाच होता. पुढच्या चाकांची खाली उतरायची जागा तेवढी संपली होती.

आता स्प्रिंगकडे येऊ. सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. गाडी स्वतःच्या वजनाने स्प्रिंग किती दाबते, यावर ती सेकंदाला किती वेळा वर-खाली होणार हे ठरतं. चाकापाशी मोजून 25 सेंटिमीटर दबली तर साधारण एकदा, सहाच सेंटिमीटर दबली तर दोनदा. एक ते दीड ही चाल माणसाला मानवते. त्यापुढे गाडी थडथडू लागते, आणि सेकंदाला चार ते आठ वेळा येणारी थरथर तर बसलेल्या माणसाच्या शरीराला सर्वांत जास्त जाचते. आता उंची वाढवायच्या किटमधल्या जाड स्प्रिंगचा विचार करा. ती पुढचा लोखंडी बंपर, विंच, छपरावरचा तंबू, पाण्याचे कॅन असा संसार घेऊन फिरणाऱ्या गाडीसाठी बांधलेली असते. तुमच्या गाडीत यातलं काहीच नाही. आहेत ती दोन माणसं आणि डिकीत एक छत्री. एवढ्या वजनाने ती स्प्रिंग हवी तेवढी दबतच नाही. मग प्रत्येक स्पीडब्रेकरला गाडी उसळते आणि मालक म्हणतो, ‘ऑफ-रोडर आहे ना!’ ऑफ-रोडर नाही हो, ती रिकामी मालगाडी आहे.

शॉकअपचंही तसंच. स्प्रिंग बदलली की शॉकअप तिच्या जोडीचा हवा, नुसत्या लांबीचा नव्हे, तर दाबाला आणि परतीला तिला साजेसा आवर घालणारा. परतीचा आवर कमी पडला की गाडी तीन-तीन वेळा डुलते. तो जास्त झाला की लागोपाठच्या खड्ड्यांत चाकाला परत खाली यायला वेळच मिळत नाही, गाडी खाली खाली दबत जाते आणि शेवटी रबरी स्टॉपवर आदळते. पैसे मोजकेच असतील तर ते दिव्यांच्या पट्टीवर न घालवता चांगल्या शॉकअपवर घाला.

आणि ही गोष्ट तर मी गॅरेजच्या दारात उभं राहून पाहिली आहे. गाडी जॅकवर, चारही चाकं लटकलेली, आणि पोरगा हवेच्या गनने खालच्या दांड्यांचे बोल्ट फटाफट कसतोय. काम झालं, गाडी खाली आली, चावी हातात आली. त्या दांड्यांच्या टोकाला रबरी बुश असतात. त्यांचं रबर आतल्या नि बाहेरच्या लोखंडी नळीला चिकटवलेलं असतं आणि बोल्ट कसला की आतली नळी जागच्या जागी जखडते. चाकं लटकलेली असताना ती जखडली, तर गाडी जमिनीवर टेकताच रबर पिळलं जातं आणि कायम पिळलेलंच राहतं. गाडी ताठरते आणि बुश लवकर फाटतात. उपाय फुकटचा आहे. बोल्ट सैल करायचे, गाडी चाकांवर उभी करायची, दोन-चार वेळा दाबून हलवायची आणि मगच शेवटचा पिळा द्यायचा. खाली पिट असलेल्या गॅरेजात हे सहज होतं. मग कोणी टणक पॉलियुरेथेनचे बुश गळ्यात मारू लागला तर रोजच्या गाडीसाठी सरळ नाही म्हणा. ते टिकाऊ असतात हे खरं, पण रस्त्याची बारीक थरथर ते आत सोडतात.

हवेचं काय सांगू! टायर मोठा झाला की त्यात हवा जास्त मावते आणि तेच वजन कमी दाबावर पेलतं. पंपावर मात्र ‘चाळीस भर’ असा हुकूम सुटतो. त्यातून ते जड मालवाहू गाड्यांसाठीचे दहा प्लायचे टायर असतील, तर बाजूची भिंत मुळातच दगड. दारावरच्या स्टिकरवरचा आकडा धरून सुरुवात करा. थंड टायरवर खडूने आडवी जाड रेघ ओढा आणि सपाट डांबरी रस्त्यावर थोडं अंतर सरळ जा. रेघ मधेच पुसली तर हवा जास्त, कडांना पुसली तर कमी. पूर्ण रुंदीभर सारखी पुसली की तो तुमचा दाब. कच्च्या वाटेवर 18–20 पीएसआयपर्यंत उतरा, पण डांबर लागायच्या आत परत भरा. बारा व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर गाडीत ठेवलाच पाहिजे.

जिप्सीवाल्यांसाठी दोनच वाक्यं. 1985 मध्ये आलेल्या या गाडीच्या चारही चाकांवर पाटेच आहेत आणि त्या पाट्यांमध्ये साचलेली माती नि गंज हेच निम्म्या दणक्यांचं मूळ आहे. उंचीसाठी आणखी एक पाटा घालण्याआधी आहेत ते सोडवून, घासून, ग्रीस लावून बसवा आणि शॅकल अडकत नाहीत ना ते बघा.

कायद्याचंही स्पष्ट सांगायला हवं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 वर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये निकाल दिला. नोंदणीतल्या, कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही, असं त्यात म्हटलं आहे. उंचीवर पैसे टाकण्याआधी हे वाचा. बरं, हवा, बुश आणि त्याच मापाचे चांगले शॉकअप एवढ्यावरच गाडी ओळखू येणार नाही इतकी सुधारते, आणि त्यासाठी कुठलंच किट लागत नाही.

एवढं सगळं वाचूनही स्प्रिंग घ्यायचीच असेल, तर आधी वजनकाटा गाठा. ऊस, वाळू, भंगार मोजणारे काटे बहुतेक तालुक्यांत आहेत. सहलीला नेता तसं सगळं सामान भरा, घरची माणसं बसवा. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या, मग पूर्ण गाडी. दोन्ही पावत्या जपून ठेवा आणि स्प्रिंग विकणाऱ्यासमोर त्याच टाका. त्या न बघताच तो किटचा खोका उघडू लागला, तर तिथून निघा.