उरलेला वेळ

वाट बघण्याच्या कामात आम्ही संभाजीनगरकर चांगलेच मुरलेले आहोत. नळाला पाणी रोज येत नाही, म्हणून पाण्याच्या दिवशी आमच्या गल्लीत माणसं तोटीला कान लावतात. आधी आत हवेची शीळ वाजते, आणि शीळ आली की मागोमाग पाणी आहे हे लहान पोरालाही कळतं. संगणकावर अपलोडची जी हिरवी पट्टी सरकते, तिला मात्र अशी शीळ नाही. तिच्याजवळ एक टक्केवारी आहे आणि तिच्याखाली बारीक अक्षरात ‘उरलेला वेळ’. या दोन शब्दांकडे साठीनंतर फार वेळ बघू नये, असं माझं मत झालं आहे. तरी मी बघतो.

वर चाललेत ते वडिलांचे फोटो. त्यांनी पाहुण्यांना घेऊन अजिंठ्याच्या असंख्य वाऱ्या केल्या आणि प्रत्येक वारीत पाहुण्यांपेक्षा त्याच दगडांचे थोडे जास्त फोटो काढले. निगेटिव्ह स्कॅन झाल्या आणि आता त्यांची एक प्रत दूर ठेवायची. आपण ढगात ठेवली म्हणतो, पण ती जाते मुंबईला. ॲमेझॉनने २०१६ साली आपली माहितीची कोठारं तिथे उघडली. देवगिरी एक्सप्रेस इथून रात्री निघून सकाळी मुंबई गाठते. वडिलांचे फोटो मात्र प्रत्येक स्टेशनावर उतरून चहा पीत चालल्यासारखे जातात.

रात्री नऊला पट्टी म्हणाली तीन तास, अकराला म्हणाली सात. शेजारचा मुलगा या कामात तरबेज, त्यानेच हे सगळं लावून दिलं. तो म्हणाला, “काका, तो नुसता अंदाज असतो. मागच्या थोड्या वेळात किती वेग मिळाला, त्यावरून तो पुढचं सांगतो.” मला एकदम त्या आकड्याविषयी माया वाटली. मागच्या पाच मिनिटांवरून पुढचं आयुष्य ठरवणारी माणसं आमच्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या झाली आहेत. त्याने आणखी एक गंमत सांगितली. मोठी फाइल अखंड जात नाही, तिचे तुकडे होतात, जास्तीत जास्त दहा हजार. लाइट गेली तर पोचलेले तुकडे वाया जात नाहीत, राहिलेले तेवढे पुन्हा जातात. पण सगळे पोचल्यावर ‘आता जोडा’ असा शेवटचा निरोप जावा लागतो. तो गेला नाही, तर तिकडच्या यादीत फाइल दिसतच नाही. तुकड्यांचं भाडं मात्र चालू राहतं!

अजिंठ्याच्या चित्रांची दुसरीकडे ठेवायची प्रत आपल्या आधी रॉबर्ट गिल नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने करून पाहिली. ईस्ट इंडिया कंपनीने त्याला १८४४ साली त्या कामावर धाडलं आणि पुढची कित्येक वर्षं तो लेण्यांच्या अंधारात भल्यामोठ्या कॅनव्हासवर तैलरंगांनी एकेक भिंत उतरवत बसला. चित्रं तयार झाली की गाडीवाटेने बंदरावर, मग जहाजाने लंडनला. पोच यायला महिने. लेण्यांखालच्या वाघोरा नदीच्या काठी बसून त्याने मनात किती टक्के झाले असतील म्हणून हिशेब केले असतील, कोण जाणे. तिकडे ती चित्रं सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये दिमाखात लागली, आणि १८६६ च्या डिसेंबरात आग लागून जवळजवळ सगळी जळाली. गिल तेव्हा इकडेच होता. वर्षानुवर्षं चढवलेला आकडा एका रात्रीत शून्यावर आला, तोही समुद्रापलीकडे.

मग १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे विद्यार्थी घेऊन आले आणि तेराएक वर्षं पुन्हा सगळं उतरवलं. त्यातल्या बऱ्याच नकला लंडनलाच १८८५ च्या आगीत गेल्या. पुढे काम्पो अराई हे जपानी चित्रकार आले. त्यांच्या नकला १९२३ च्या टोकियोच्या भूकंपात संपल्या. आणि मूळ चित्रं? माती, भाताचा तूस आणि चुन्याच्या हातावर रंगवलेली, वटवाघळांच्या सहवासात, गळत्या डोंगराच्या पोटात ती शतकानुशतकं बसली होती. तीही झिजली, पोपडे सुटले. नक्कल करताना नीट दिसावीत म्हणून त्यांच्यावर वार्निशसुद्धा फासलं गेलं आणि ते पुढे पिवळं पडलं. जपायच्या हौसेनेच त्यांना थोडं दुखावलं. पण चित्रातला पद्मपाणी अजून तिथे आहे, मान जराशी कलती ठेवून, लंडनहून काही निरोप आला का याची फारशी फिकीर नसल्यासारखा.

ॲमेझॉनचं म्हणणं असं, की एक कोटी वस्तू त्यांच्याकडे ठेवल्या तर सरासरी दहा हजार वर्षांतून एखादी गहाळ व्हावी. सगळ्यात जुनं अजिंठा लेणंसुद्धा या हिशेबात कालपरवाचं. यंत्रं मोडतात हे त्यांनी धरलेलं आहे. ज्यातून दरमहा पैसे कापले जातात ते माझं कार्ड पुढच्या वर्षी संपतं, हे तेवढं धरलेलं नाही. म्हणून मुलीला फोन करून पासवर्ड कुठल्या वहीत लिहिलाय ते सांगितलं.

“ते ठीक आहे बाबा,” ती म्हणाली, “पण आजोबांच्या निगेटिव्ह टाकून देऊ नका हं.”

टाकतो कशाला! बिस्किटांच्या डब्यात नीट रचून ठेवल्या आहेत. दमट होऊ नयेत म्हणून नव्या बुटांच्या खोक्यात येतात त्या पांढऱ्या पुड्या घातल्यात. शाळेच्या प्रत्येक वर्षी तिच्या बुटांबरोबर एक एक जमत गेली होती.