उड्डाणवहीचा जमाखर्च
उड्डाणवही, म्हणजे वैमानिकाने प्रत्येक उड्डाणाची तारीख, विमानाचा प्रकार, मार्ग आणि वेळ ज्यात लिहावयाची ती जाड बांधणीची वही, हा प्रशिक्षणार्थ्याचा पहिला दागिना होय. तो निवडताना चामड्याचे वेष्टन व त्यावरील सोनेरी अक्षरांतील ‘कॅप्टन’ यांची चिकित्सा जितकी होते, तितकी आतल्या रकान्यांची होत नाही, आणि परवान्याआधीच पदवी छापून घेणाऱ्यास कोणी हटकतही नाही. भारतात व्यावसायिक परवान्यासाठी किमान 200 तास लागतात, व त्यांतील 100 तास ‘पायलट-इन-कमांड’ म्हणून, म्हणजे विमानाची अंतिम जबाबदारी स्वतः घेऊन, भरावे लागतात. या अटीमुळे वहीला बखरीचे गुण प्राप्त होतात: बखरीत सैन्य वाढते, येथे मिनिटे. धावपट्टीच्या तोंडाशी ताटकळलेला वेळ विमान उड्डाणासाठी प्रथम हलल्यापासून गणना सुरू होत असल्याने नियमानेच मोजला जातो, हे ठीक. परंतु जमिनीवरील पेनाने कमावलेल्या तासांना अमेरिकेत एका प्रसिद्ध फाउंटन पेनावरून ‘पार्कर’चे तास म्हणतात, आणि हे पेन इंधनाविना उडते. भारतातही 2011 साली फुगवलेल्या तासांची प्रकरणे उघडकीस आली. प्रामाणिक विद्यार्थ्याचे हाल निराळे, कारण पानाच्या तळाची बेरीज एकदा चुकली की ती ‘मागील पानावरून पुढे’ निष्ठेने चालत राहते, आणि खाडाखोड केली तर प्रत्येक दुरुस्तीवर संशयाची नजर पडते. शिवाय तेच उड्डाण विमानाच्या तांत्रिक नोंदवहीतही लिहिलेले असते, व ती वही प्रशिक्षणार्थ्याच्या घरी नसते.