निसर्गाच्या कुशीत राहायचं कसं: नवशिक्यांसाठी

सुरुवातीला आपला मानपाडा कोणता, ते नक्की करून घ्या. एक ठाण्याचा, घोडबंदर रस्त्यावरचा. दुसरा डोंबिवलीचा, कल्याण-शीळ रस्त्यावरचा. पाहुणे हमखास चुकीच्या मानपाड्यात उतरून फोन करतात. प्राणी कधी चुकत नाहीत.

मी ठाण्याच्या मानपाड्यात राहतो. मागे येऊरचा डोंगर, म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची आमच्याकडची बाजू. पुढे मेट्रोचे खांब. मधल्या पट्टीत आम्ही. घर घेतलं तेव्हा माहितीपत्रकावर 'निसर्गाच्या कुशीत' असं छापलं होतं आणि खाली हरणाचं चित्र होतं. हरीण अजून आलेलं नाही. बाकीचे बरेच जण येऊन गेले.

साहित्य फारसं लागत नाही. एक खिडकी, एक वही, असली तर दुर्बीण. सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप म्यूट करून ठेवावा, पण सोडू नये. बिबट्याची बातमी तिथेच पहिली येते आणि खोटीही तिथेच पहिली येते.

पहिला धडा पारव्याचा. तुम्ही निवडलेला नसला तरी तोच पहिला येणार. एसीच्या बाहेरच्या डब्यामागे दोन काटक्या, झाडूची एक काडी आणि केबलवाल्याने टाकून दिलेला तारेचा तुकडा, एवढ्यावर त्याचं घर होतं. त्यात दोन पांढरी अंडी. साधारण अठरा दिवसांत त्यातून पिवळ्या लवेचं, चोच भलतीच मोठी असलेलं काहीतरी बाहेर येतं. ते इतकं कुरूप असतं की दया येते, आणि दया आली की एसी दुरुस्तीवाल्याला महिनाभर बोलावता येत नाही. दाणे मात्र घालू नका. २०२५च्या ऑगस्टमध्ये दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला तेव्हा केवढी रणं माजली, आठवत असेल. पारव्याच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ फुप्फुसांना बाधते, हे त्या भांडणाचं मूळ. पुण्य हवं असेल तर पाण्याचं भांडं ठेवा. त्यावर बुलबुल येतात, दयाळ येतो, आणि कावळा पोळीचा तुकडा भिजवायला येतो.

आता कान. एप्रिलच्या दुपारी सगळी सोसायटी झोपलेली असताना कोणीतरी तांब्याच्या भांड्यावर टुक्-टुक्-टुक् ठोके घालत बसतो. हा तांबट. चिमणीपेक्षा जरासा मोठा, हिरवा, कपाळावर लाल ठिपका. आवाज रोज ऐकूनही तो दिसायला मला दोन उन्हाळे लागले, कारण मी चिंचेवर शोधत होतो आणि तो पिंपळावर होता. पहाटे साडेचारला 'कुहू' करून झोपमोड करते ती कोकिळा नव्हे, कोकीळ. गाणारा नर असतो. मादी ठिपक्याठिपक्यांची, तपकिरी, गुपचूप कावळ्याच्या घरट्यात अंडं घालून जाणारी. पिढ्यान्‌पिढ्या कौतुक मात्र तिच्या गळ्याचं झालं. भारद्वाज दिसला तर आमच्या आत्या अजून हात जोडतात, शुभ म्हणून. तो त्याच वेळी बुलबुलाच्या घरट्यातली अंडी शोधत असतो. ते आत्यांना सांगू नये.

नावं शिकताना मारुती चितमपल्लींचा 'पक्षिकोश' जवळ असावा. त्यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि सालिम अलींचा १२ नोव्हेंबर, म्हणून मधला आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह असतो. नवशिक्याने त्या आठवड्यात टिकुजिनीवाडीकडच्या डोंगरपायथ्याशी सकाळी जावं. घरी येऊन 'चौदा जाती पाहिल्या' म्हणावं. त्यातल्या पाच कावळे असतात, हे सगळ्यांच्याच यादीत होतं.

माकडांचा धडा छोटा आहे: डोळ्यांत डोळे घालू नका, खिडकीत केळी ठेवू नका. सापाचा त्याहून छोटा. पावसाळ्यात पार्किंगमध्ये निघालेला लांबलचक साप बहुधा धामण असतो, बिनविषारी, उंदरांच्या मागावर आलेला. पण 'बहुधा'वर पैज लावू नका. लांब उभं राहा, वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा आणि काठी घेऊन आलेल्या काकांना चहाला बोलवा.

बिबट्याचा धडा मात्र मन लावून वाचा. सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या या उद्यानात आणि आसपास पन्नासच्या आगेमागे बिबटे आहेत, आणि त्यांना कुंपण वाचता येत नाही. २० फेब्रुवारी २०१९ला एक जण ठाण्याच्या कोरम मॉलमध्ये शिरला. शेवटी जवळच्या हॉटेलात त्याला बेशुद्ध करून पकडलं. २०२२च्या नोव्हेंबरात कल्याण पूर्वेला चिंचपाड्यात एक जण इमारतीतच घुसला आणि काही लोक जखमी झाले. दोन्ही वेळा गर्दी बिबट्यापेक्षा आधी पोचली होती. घाबरलेल्या जनावराला वाट ठेवायची असते, आणि आपण तिथे फोन धरून उभे राहतो.

तो येतो कशाला? आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीशी जाऊन पाहा. कचऱ्याची पिशवी, पिशवीशी कुत्री, आणि रात्री कुत्र्यांमागे तो. या बिबट्यांच्या खाण्यात भटक्या कुत्र्यांचा वाटा मोठा आहे. म्हणजे बिबट्यांना आवतण मीच देतो, मंगळवारी रात्री, चौथ्या मजल्यावरून, नेम धरून. उद्यानातल्या पाड्यांवरच्या वारल्यांनी हे फार आधी ओळखलं. तिथे वाघोबाचं ठाणं असतं, शेंदूर लावलेलं, आणि वाघबारशीला त्याची पूजा होते. आमच्याकडे सीसीटीव्ही आहे. संध्याकाळनंतर मुलांना एकटं सोडू नये, बोलत-गाणी म्हणत चालावं, दिसलाच तर पळू नये आणि खाली वाकू नये. एवढं पाड्यावरच्या पोराला येतं. आमच्या ग्रुपवर मात्र 'सोसायटीने काहीतरी ॲक्शन घ्यावी' असं लिहितात.

इथवर आलात की पक्षी पाळण्याची हौस येतेच. त्यासाठी मी तुम्हाला दुसऱ्या मानपाड्यात, डोंबिवलीला, माझ्या मावशीकडे नेतो. मावशीला 'मिठू मिठू' म्हणणारा पोपट हवा होता. तिला सांगावं लागलं की १९७२च्या वन्यजीव कायद्याने आपला हिरवा पोपट पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे. "अगं, माझ्या माहेरी होता की!" ती म्हणाली. माहेरी बंदूकही होती, असं काकांनी आठवण करून दिली.

मग दुकानातून 'लव्हबर्ड' आले. लव्हबर्ड म्हणून आपल्याकडे विकतात ते बहुतेक बजरीगर असतात, मूळचे ऑस्ट्रेलियाचे. खरे लव्हबर्ड आफ्रिकेचे. चोचीवरची गादी निळी असेल तर नर, तपकिरी असेल तर मादी. पिल्लांमध्ये हे कळत नाही. दुकानदाराने मावशीला 'जोडी' म्हणून दिलेले दोघेही निळ्या गादीचे निघाले. त्यांचं उत्तम जमतं, हा भाग वेगळा. काकाटिएल शिट्टी वाजवतो, पण नीट सांभाळला तर पंधरा-वीस वर्षं जगतो; साठीनंतर आणताना वारसाचा विचार करावा. पिंजऱ्यात राळे, समुद्रफेस आणि कोथिंबीर चालते. चॉकलेट आणि ॲव्होकॅडो अजिबात नाही. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे नॉनस्टिक तवा रिकामा गॅसवर विसरू नका. त्याच्या धुराने आपल्याला जेमतेम डोकेदुखी होते, पिंजऱ्यातला पक्षी काही मिनिटांत मरतो. आणि कंटाळा आला म्हणून 'जा, मोकळा हो' करून खिडकी उघडू नका. ऑस्ट्रेलियाचा पक्षी डोंबिवलीच्या कावळ्यांपुढे दुपारपर्यंतही टिकत नाही.

मावशी महिन्याला दोन किलो राळे आणते. दोन बजरीगरांना एवढे कशाला, म्हणून मी एकदा सकाळी सातला गॅलरीत बसलो. आतले दोघे दाणे सोलून खात होते आणि अर्धे खाली सांडत होते. सांडलेल्यावर चिमण्या होत्या. मी नऊ मोजल्या. एक पिंजऱ्यावरच बसून आतल्याशी काहीतरी वाद घालत होती.

"यातला माझा आवडता तो," मावशीने दाखवलं. पिंजऱ्याबाहेरचा होता, शेपटीचं एक पीस तुटलेला.

"पण तो तुझा कुठे आहे?"

"त्याला कुठे माहीत आहे?" ती म्हणाली आणि आणखी मूठभर राळे घेऊन आली.