घराण्याचे दात

आमच्या घराण्याचे दात हा माझा आवडता विषय. पन्नाशीतही मी ऊस दातांनी सोलतो. बघायला कोणी नसेल तर मात्र सोलत नाही. मुलीला तारा बसवायचं ठरलं तेव्हा वाकडेपणाचं मूळ मी सासुरवाडीत शोधलं. डॉक्टरीणबाईंनी तिचा एक्स-रे पाहिला, मला जरा हसायला सांगितलं आणि म्हणाल्या, ‘‘हं, आलं लक्षात.’’

तारा बसवल्या त्या दुपारी तिला काहीच दुखलं नाही. ठणका सुरू झाला संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी कळसाला पोचला. तार दाताला रेटते, मुळाभोवतीचे तंतू दाबले जातात, एकीकडचं हाड झिजतं, दुसरीकडे नवं भरतं. तार निकेल-टायटॅनियमची. या मिश्रधातूचे गुण अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत उमगले. आता तो सदाशिव पेठेत, सातवीतल्या मुलीच्या सुळ्यावर तैनात आहे.

पथ्यात बाकरवडी बंद. चिक्की बंद, सिंहगडावरचं कणीस बंद, हे सगळं मी सोसलं; पण बाकरवडी? मुलीसमोर खाणं क्रूरपणाचं, म्हणून मी गॅलरीत जाऊन खाल्ली. आवाज हॉलपर्यंत गेला. मग चहात बुडवून पाहिली. बाकरवडीही गेली आणि चहाही. अखेर मऊ पदार्थांकडे वळलो : मेतकूट-भात, श्रीखंड, उकडीचे मोदक. मस्तानी थंड, म्हणून ती औषधातच धरली; आणि पेशंटला एकटं वाटू नये म्हणून मीही घेत गेलो.

खरा आराम साध्याच गोष्टींनी पडला. कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, ब्रॅकेट गालाला घासतं तिथे मेणाची बारीक गोळी, आणि फारच ठणकलं तर डॉक्टरांना विचारून वेदनाशामक. आठवड्याभरात दुखणं ओसरलं.

ओसरत नाही ती येणाऱ्या-जाणाऱ्यांची बडबड. ‘‘एवढं काय त्यात? होईल सवय.’’ ‘‘पुढे किती सुंदर दिसशील!’’ मुलगी दुखतंय म्हणते आणि आपण तिला सौंदर्य सांगतो. आत्ता ती सुंदर नाही, हेही त्यातच सांगून टाकतो. ती हसताना तोंडावर हात धरायला लागली ती तारांमुळे नाही, या बोलण्यामुळे. ‘दुखतंय ना? दुखणारच,’ एवढं म्हणायला कुणाच्या बापाचं काय जातं?

परवा तार घट्ट करायला गेलो तेव्हा डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, ‘‘तारा मोठ्यांनाही लावता येतात, बरं का.’’

मी म्हटलं, ‘‘नको हो, फार दुखतं म्हणतात.’’

‘‘होईल सवय, बाबा,’’ खुर्चीतून आवाज आला. ‘‘पुढे किती सुंदर दिसशील!’’