अंडी : निरंक

सरकारी मराठीत 'काही नाही' असं कोणी म्हणत नाही, 'निरंक' म्हणतात. सर्पदंश झालेले विद्यार्थी : निरंक. शाळाबाह्य मुले : निरंक. तक्रारपेटीत आलेल्या तक्रारी : निरंक. शब्दच असा कडक इस्त्रीचा, की नसण्यालाही काहीतरी करून दाखवल्यासारखं रूप येतं.

माझी मावसबहीण घाटावरच्या एका वाडीवर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. पहिली ते चौथी, तेवीस मुलं, दोन शिक्षक. पैकी मुख्याध्यापक बीएलओ, म्हणजे मतदार यादीचे राखणदार. मी गेलो त्या दिवशी ते यादी घेऊन तालुक्याला गेले होते. शिक्षकांना बिगरशैक्षणिक कामाला लावू नये, असं शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 मध्ये स्वच्छ लिहिलंय. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून, असंही तिथेच लिहिलंय. दाराला कुलूप घालून किल्ली कडीलाच अडकवावी, तसं.

वार शनिवार, म्हणजे आनंददायी. 2024 च्या मार्चमध्ये तसा शासन निर्णय निघाला. पहिली ते आठवीच्या मुलांनी शनिवारी दप्तराविना यायचं आणि आनंद घ्यायचा. कशाचा, तेही ठरवून दिलंय. ध्यानधारणा, श्वसनाची तंत्रे, रस्ता सुरक्षा, नातेसंबंध हाताळण्याची कौशल्ये. पहिलीतल्या पोराचे हाताळण्याजोगे नातेसंबंध म्हणजे पेन्सिल पळवणारा बाकावरचा शेजारी. ते तो शासन निर्णयाआधीपासून हाताळतो आहे, दोन्ही हातांनी.

"दादा, तू कोपऱ्यात बस. फोटोत येऊ नकोस," बहीण म्हणाली.

श्वसनाला सुरुवात झाली. एकवीस जण हजर होते, सगळ्यांनी डोळे मिटले. पहिलीतल्या एकाने मात्र एक डोळा किलकिला ठेवला, कारण एक शेळी फाटकातून आत येऊन परसबागेतल्या मेथीकडे निघाली होती. तो श्वास रोखून बघत होता, तेव्हा तंत्र काही चुकलेलं नव्हतं. शेळीने वाफ्यात पाय ठेवला आणि "बाई, शेळी!" अशी आरोळी उठली. अख्खी शाळा शेळीमागे. शाळेला दोन फेऱ्या झाल्या, चौथीतला एक जण आडवा होऊन गुडघा फोडून घेता झाला, शेळी तोंडात मेथीची जुडी घेऊन पाण्याच्या टाकीवर चढली, आणि पोरं पोट धरधरून हसली. बहीणसुद्धा.

पण फोटो राहिला. मग मुलांना परत ओळीत बसवलं, डोळे मिटायला लावले, आणि जिओटॅगसाठी टाकीच्या पायरीवर उभं राहून, कारण रेंज तेवढ्या एका पायरीवरच येते, मिटल्या डोळ्यांचा फोटो काढला. आनंद म्हणून वर गेला तो हाच. शेळीचा कुठेच गेला नाही.

(अनुताई वाघांनी कोसबाडला कुरणशाळा चालवली होती. गुरं राखणारी पोरं शाळेत येईनात म्हणून बाईंनी शाळाच कुरणात नेली. आज नेली असती तर जिओटॅग जुळला नसता आणि बाईंना खुलासा द्यावा लागला असता.)

आनंद उरकल्यावर निपुणचं काम होतं, कारण आकडे भरायची लिंक सोमवारी बंद होणार होती. निपुण भारत अभियान 2021 च्या जुलैत सुरू झालं. 2026-27 पर्यंत देशातल्या प्रत्येक मुलाला तिसरी संपता संपता समजून वाचता यावं आणि साधा हिशेब जमावा, हे त्याचं ध्येय. यात खोट काढण्यासारखं काही नाही. चौथीतल्या पोराला स्वतःच्या गावाची एसटीवरची पाटी वाचता येऊ नये, ही लाज सगळ्यांचीच आहे. माझी कुरकुर घड्याळाशी आहे. तिसरीला मिनिटाला किमान 60 शब्द, दुसरीला 45 ते 60. हे मोजणार कोण, तर एका हातात पुस्तक आणि एका हातात मोबाइल धरलेली बाई.

दोन वेण्यांची, तिसरीतली एक मुलगी उभी राहिली. उतारा कोंबडीचा होता. तिने दोन वाक्यं वाचली आणि थांबली.

"बाई, आमची पण खुडूक बसलीय. तेरा अंडी होती. आईनं अकरा ठेवली, दोन दुकानात दिली."

"बरं, पुढे वाच."

"एकवीस दिवसांनी पिल्लं निघतात. आठ झाले. अजून तेरा राहिले." बोटंसुद्धा न मोजता.

मिनिट संपलं. शब्द भरले 38. खुडूक म्हणजे काय हे तिला विचारायची गरज नव्हती, वजाबाकी तिने मागितल्याशिवाय करून दाखवली होती, आणि दुकानाचा व्यवहार वरकड. पण मोबाइलमध्ये 38 पडले आणि बाई लेकीच्या तापाचा आकडा बघावा तशी त्या आकड्याकडे बघत राहिली. "पुन्हा घेते गं," म्हणाली. "आता मध्ये बोलू नकोस." दुसऱ्या खेपेला मुलगी कोंबडीबद्दल काही न बोलता धडाधड 63 शब्द वाचून खाली बसली. निपुण झाली.

ही मुलगी 2023 च्या जूनमध्ये पहिलीत आली. तेव्हापासून तिने काय काय बघितलं ते ऐका. त्याच वर्षी शाळेच्या पुस्तकांत पाठांच्या मागे कोरी पानं आली, दप्तराचं ओझं कमी व्हावं म्हणून. त्याच नोव्हेंबरात आठवड्याला एक अंडं सुरू झालं. दुसरीत गेली तेव्हा 'एक राज्य, एक गणवेश' आला. कापड राज्याने एकत्र घ्यायचं, शिवायचं बचत गटांनी. म्हणजे सबंध महाराष्ट्रातल्या पोरांची मापं कुठेतरी दूर बसून घेतली गेली. काहींना गणवेश दिवाळीच्या तोंडावर मिळाला, काहींना मिळाला तो धाकट्या भावाला बसला. वर्ष सरायच्या आत सरकारने गणवेशाचं काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे दिलं. तिसरीपर्यंत कोरी पानंही गेली आणि अंड्याचे पैसेही गेले. पोरगी तीन वर्षांत काय शिकली असं कोणी विचारलं, तर शासन निर्णय कसा घ्यायचा आणि कसा मागे घ्यायचा, एवढं तिचं पक्कं झालंय.

अंड्याचं जरा नीट सांगतो. सुरुवातीला एका अंड्याला 5 रुपये धरले होते, न खाणाऱ्याला केळं. 2025 च्या जानेवारीत शासनाने सांगितलं की अंड्यासाठी वेगळा निधी मिळणार नाही, शाळांनी लोकसहभागातून काय ते बघावं. गोडाच्या पाककृतीतल्या साखरेचंही तेच. 'लोकसहभाग' हा 'निरंक'चा सख्खा भाऊ. सरकारने हात वर केले की गावाने खिशात हात घालायचा, एवढाच त्याचा अर्थ. प्राथमिकच्या मुलाला दुपारच्या जेवणात 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं मिळाली पाहिजेत, असा केंद्राचा नियम आहे. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम. म्हणजे अंड्याच्या दिवशी निम्मं काम कोंबडी करून देत होती, तिला कमी केलं.

खिचडी रांधणाऱ्या मावशींना हे ग्रॅम ठाऊक नाहीत. त्यांना महिना 2,500 रुपये मानधन मिळतं. ते कधी मिळतं, हा निराळा विषय. पण सोमवारी तांदूळ जास्त लागतो, हे त्यांना ठाऊक आहे, कारण रविवारी शाळा नसते. कोणाची आई ऊसतोडीला गेली आणि कोण आजीपाशी राहिलंय, कोण रात्री न जेवता झोपलं, हे त्या पोराच्या ताट धरण्यावरून ओळखतात. जेवणाआधी बाईने चव घेऊन चव रजिस्टरमध्ये 'उत्तम' लिहायचं असतं. मावशींनी बघितलेलं लिहायला रजिस्टर नाही, आणि कृपा करून कोणी काढूही नये.

गावही आपल्या परीने शाळेत असतंच. शाळा व्यवस्थापन समितीत पाऊणहिस्सा पालक आणि एकूणात निम्म्या बाया, असं कायदा म्हणतो. त्याखेरीज सखी सावित्री, माता-पालक वगैरे समित्या इतक्या साचल्या, की 2025 मध्ये सरकारलाच त्या एकात एक घालाव्या लागल्या. या वाडीवर त्याने फरक पडला नाही. सगळ्या समित्यांवर तीच माणसं होती, चहाही एकदाच व्हायचा. अंड्याची बैठक मात्र रंगली म्हणे. एक आजोबा माळकरी. ते म्हणाले, "अंड्याला माझा हात लागणार नाही, पण पोरांच्या तोंडचं काढायला मी कोण? माझ्या नातवाला केळं आणि माझ्याकडून केळ्याची फणी." एकाने वर्गणी सुचवली, त्यावर बाया म्हणाल्या, पैसे नकोत, ज्यांच्या घरी कोंबड्या आहेत त्यांनी जमेल तशी अंडी पाठवावीत. ठराव झाला. इतिवृत्तात 'विविध विषयांवर सखोल चर्चा झाली' एवढंच आलं.

मी होतो त्या शनिवारी दोन वेण्यांची मुलगी दप्तर नसताना एक पत्र्याचा डबा घेऊन आली होती. डब्यात बाजरी, बाजरीत तीन अंडी.

"आईनं दिलीत. दुसऱ्या कोंबडीची आहेत, खुडूकची नाहीत," तिने खुलासा केला. तोही कोणी मागितला नव्हता.

बहिणीने टाकीच्या पायरीवर जाऊन लिंक उघडली. रकाना होता : लोकसहभागातून प्राप्त रक्कम, रुपयांत. अंडी हा पर्याय नव्हता. दुकानातला भाव लावून रुपये भर, असं मी सुचवलं, तर म्हणाली, "दादा, रुपये लिहिले की पावती आली, पावती आली की खातं आलं, आणि पुढच्या वर्षी लेखापरीक्षणवाले विचारणार की त्या एकवीस रुपयांची अंडी कुठं आहेत." तिने 'निरंक' लिहिलं आणि फोन पर्समध्ये टाकला.

तोवर मावशींनी अंडी उकडून सोलली होती आणि दोरा ताणून कापायला बसल्या होत्या. एका अंड्याचे आठ तुकडे.

"केळंवाला सोडून वीस जण आहेत," मुलगी म्हणाली. "चार उरतील, बाई."

चार उरले. एक फुटक्या गुडघ्याला जादा, एक मावशींना, एक बाईंना आणि एक मला. माझ्या तुकड्यात पिवळं जवळपास नव्हतंच.